काय आहे तेवढंच सांग

माझी मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची. तिला लहानपणापासून साखर. साखरेनं आधी तिच्या किडन्या घेतल्या, मग ती डोळ्यांना लागली. लग्न झालं होतं. नवऱ्यानं दुखणं केवढं आहे ते बघितलं आणि तिला माझ्या दारात आणून सोडलं. त्याच्याबद्दल एवढंच.

आठवड्यातून तीनदा तिला सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागायचं. हाताच्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या, अंगातलं रक्त मशीनमध्ये जाऊन धुऊन निघायचं आणि परत अंगात यायचं. चार तास हलायचं नाही. घरी आली की पिळून टाकलेल्या फडक्यासारखी पडून राहायची. दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायची, तिसऱ्या दिवशी परत रिक्षा.

डोळे अधू व्हायला लागले तेव्हाच तिनं मला सांगून ठेवलं होतं. मी भाकरी थापत होते.

"आई, पुरतं दिसायचं बंद झालं की मी डायलिसिसला जाणार नाही. आत्ताच सांगते. तेव्हा रडारड नको."

"रडायला मला येळ कुटं हाय?" मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

मी चौथी शिकलेली. पुढं सगळं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरण्यात गेलं. गुडघे गेल्यावर थांबले. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे, पलीकडच्या नगरात वेगळा राहतो. घरात मी आणि मुलगी, दोघीच.

त्या दिवसांत तिच्या टॅबमध्ये एक खेळ होता. टॅब तिच्या भावानं घेऊन दिलेला. मला आधी वाटलं, पोरं खेळतात तसलाच असणार, गाड्या पळवायचा नाहीतर माणसं मारायचा. तसा नव्हता. त्यात एक मोठी इमारत होती आणि इमारतीत चित्रं मांडलेली. देवादिकांची किंवा राजा-राणीची नाहीत. आजकालची, जी बघून माणूस विचारतो की हे काय आहे. त्या इमारतीत झाडू मारणारी एक बाई असते. सुट्टीचा दिवस, दारं बंद, बाई एकटी. चित्रांतल्या वस्तू आणि माणसं आपापल्या चौकटी सोडून भलत्याच चित्रांत जाऊन बसलेली. दारं उघडायच्या आत बाईनं सगळ्यांना जागेवर पोचवायचं. आपण जिथं बोट लावू तिथं बाई जाते. वस्तूवर बोट लावलं तर ती उचलून पिशवीत टाकते. कुठली वस्तू कुठं लागू पडते, ते डोकं चालवून शोधायचं. घाई कसली नाही.

अर्धा खेळ तिनं स्वतः खेळला. मशीनवरचे चार तास त्यात निघून जायचे. मग डावा डोळा गेला आणि उजव्यात नुसतं धुकं राहिलं. उजेड आहे का अंधार, एवढंच कळायचं. एका सकाळी रिक्षा दारात आली आणि ती खाटेवरून उठली नाही.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"व्हय, सांगितलं होतंस."

"मग रिक्षा परत पाठव."

मी हातापाया पडले नाही. देवाच्या शपथा घातल्या नाहीत. तिला तसलं चालायचं नाही आणि मला जमायचं नाही. टॅब उशाशी पडला होता, तो उचलला.

"ह्यो तुजा खेळ अर्धा राहिलाय की."

"मला दिसत नाही, आई."

"मला दिसतंय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं बी थोडंफार दिसतंय. मी बघते, तू डोकं लाव."

"तुला काय कळणार त्यात?"

"कळायचं तुला हाय. मला नुसतं बघायचंय."

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

"आणि खेळ संपल्यावर?"

"संपल्यावर बघू."

"बघू नाही. खेळ संपेपर्यंत तू म्हणशील तसं, संपल्यावर मी म्हणेन तसं."

"बरं," मी म्हटलं. त्या वेळी मी कशालाही बरं म्हटलं असतं.

तशी आमची सुरुवात झाली. हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारी स्टुलावर मी, मांडीवर टॅब. पहिलं चित्र उघडलं.

"काय दिसतंय?"

"चित्र."

"कसलं, आई?"

"चादरीसारखं."

"चादरीसारखं म्हणजे?"

"म्हणजे आपल्या सोलापुरी चादरीसारखं. पट्ट्या पट्ट्या."

ती चिडली. चिडली की लहानपणापासून तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. "कशासारखं आहे ते मला नको. काय आहे तेवढंच सांग. डावीकडनं सुरू कर."

"डावीकडं लाल पट्टी. मग काळी. मग पिवळी, ती लालच्या निम्मी. मग परत लाल. ही लाल खालपर्यंत जात न्हाय, मधीच थांबती."

"मधेच म्हणजे कुठं?"

"खाली बोटाच्या पेराएवढी जागा रिकामी हाय."

"हां. पिशवीत एक लाल फळी असेल. ती लाव तिथं."

लावली. खटकन आवाज आला. झाडूवाली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. खेळात वाचायचं फारसं नव्हतं, बाई बोलायचीच. मला इंग्रजी येत नाही. मुलीनं ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर." तिला ऐकू येत होतं, मला दिसत होतं. काम भागलं.

शेजारच्या खाटेवर एक मुसलमान बाई असायची, मुलीपेक्षा थोडी मोठी. आमचं सगळं तिच्या कानावर पडायचं.

"क्या अम्मा, आज क्या चुराए?" आल्या आल्या विचारायची. त्याला कारण होतं. एकदा चित्रातल्या टेबलावर चष्मा पडलेला दिसला. मुलगी म्हणाली, उचल.

"कुणाचा हाय?"

"कुणाचाही असेल. उचल."

"न इचारता?"

"खेळात सगळं उचलायचंच असतं, आई. दिसेल ते पिशवीत."

"चांगलं शिकवत हुतीस की शाळेत पोरास्नी."

शेजारची बाई एवढी हसली की तिचा हात हलला आणि मशीन बोंबलायला लागलं. सिस्टर धावत आली, तिला रागावली, मग मला रागावली.

"मेरी सास तो याँ झाँकती बी नै," सिस्टर गेल्यावर ती म्हणाली. "तुमे देखो, अम्मा को चोरी सिखा रै."

खेळातल्या एका दालनात खुर्ची भिंतीला उंचावर ठोकली होती, बसायची सोय नाही. दुसऱ्या दालनात छताखाली नुसती एक बादली ठेवलेली, वरून तिच्यात थेंब पडायचा. मी बादलीवर बोट लावलं, पण झाडूवाली बाई ती काही उचलेना.

"ती म्हणते हात लावायचा नाही, ती कलाकृती आहे," मुलगी म्हणाली.

"गळकं छप्पर आन त्याखाली बादली?"

"बादली कलाकृती आहे. गळतंय ते खरं आहे."

"पावसाळ्यात आपल्या घरात असल्या तीन-चार कलाकृती असत्यात."

तेव्हा मुलगीही हसली. मग मी तिला विचारलं की शिकलीसवरलेली माणसं असलं का करतात. तिनं वेडंवाकडं उत्तर दिलं नाही, विचार करून दिलं. म्हणाली, "मी शाळेत पोरांना डोंगर, डोंगरामागं सूर्य, पुढं झोपडी आणि नदी काढायला शिकवलं. परीक्षेत तेच यायचं. त्यातल्या एकानंही तसला डोंगर बघितला नव्हता. सोलापुरात डोंगर कुठं आहे? ही माणसं निदान स्वतःचं तरी काढतात."

"मग तू का न्हाय काढलंस स्वतःचं?"

"काढलं की. तुझ्या कपाटावर गुंडाळून ठेवलंय."

ती चित्रं अजून कपाटावर आहेत. मला त्यातलं काही कळत नाही. टाकणार नाही, पण कळतंय असं दाखवून भिंतीला लावणारही नाही.

चार-सहा आठवडे असे गेले. ती डायलिसिसला जात होती, कारण खेळ चालू होता. आम्ही दोघी ते बोलत नव्हतो, पण दोघींना माहीत होतं.

"आई, तू मुद्दाम हळू सांगतेस," एकदा ती म्हणाली.

"माजा एकच डोळा धड हाय."

"तेवढंच ना?"

"तेवढंच."

लांबवावं असं माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. एखादी पट्टी गाळायची, एखादी वस्तू दिसलीच नाही म्हणायचं. तिला कुठून कळणार होतं? पण आंधळ्याला खोटं चित्र सांगणं म्हणजे आंधळ्याच्या ताटात खडे वाढणं. ते मला जमलं नाही. जे होतं ते सांगितलं, आणि कोडी सुटत गेली.

मग उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको. डांबर चपलेला चिकटतं, नळाचं पाणी हाताला चटका देतं. किडनीच्या माणसाला पाणी प्यायची चोरी. प्यायलेलं बाहेर पडत नाही, अंगात साठतं, फुप्फुसात चढतं. तिला दिवसाला पाण्याची एक लहान बाटली, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. भाजी उकळून तिचं पाणी फेकून द्यायचं, पुन्हा उकळायची. फळं बंद. शहाळं तर विषच, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, त्यातल्या क्षारानं हृदय बंद पडतं म्हणून. ओठ सुकले की ती ओल्या फडक्यानं पुसायची. फडकं चोखायचा मोह होतो म्हणाली एकदा.

त्याच दिवसांत आम्ही निळ्या चित्रापाशी अडकलो. भिंतभर मोठं चित्र आणि सगळं निळं.

"सगळीकडं एकसारखं?"

"व्हय."

"रेघ, डाग, काही नाही?"

"न्हाय. निळं."

दोन-तीन खेपा त्यात गेल्या. शेवटी ती म्हणाली, बोटानं सगळं चित्र सारवून काढ, भुई सारवतात तसं. मी सारवलं. खालच्या कोपऱ्यात बोट गेलं आणि निळा रंग हलला. हलत हलत सगळ्या चित्राचं पाणी झालं. मोठा हौद, चित्राच्या काठावरून सांडायला लागलेला. आणि टॅबमधून पाण्याचा आवाज. धबधबा नव्हे, हंड्यात नळ सोडल्यावर येतो तसा, भरत जाणारा आवाज.

डायलिसिसचं सगळं दालन गप्प झालं. आठ-दहा खाटांवर आठ-दहा माणसं, सगळी तहानलेली. मी आवाज बारीक करायला गेले तर मुलगी म्हणाली, "राहू दे."

"बंद करो जी अम्मा," शेजारची म्हणाली. आज तिच्या आवाजात हसू नव्हतं. "गला सूक रा मेरा."

"थोडा वेळ," मुलगी म्हणाली. तिनं मान टॅबकडं वळवली होती आणि तोंड उघडं होतं.

"बंद करो बोली ना!"

मी बंद केलं. दोघीही माझ्यावर रागावल्या, एक उशीर केला म्हणून आणि एक बंद केलं म्हणून.

त्यानंतरच्या एका खेपेला शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता.

"शेजारी कोण आहे?" मुलीनं विचारलं. खोकला वेगळा होता, तिला लगेच कळलं.

"एक म्हातारा माणूस हाय."

"ती कुठं गेली?"

"आली न्हाय आज."

"काय आहे ते सांग, आई."

"गेली असं वाटतंय."

"वाटतंय नको."

मी उठून सिस्टरला विचारून आले. गेली होती. मुलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी मी पाणी बंद करायला हवं होतं लगेच." मग म्हणाली, "चल, काय दिसतंय सांग."

मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाची बायको वैरागहून तिला बघायला आली. आमच्याकडं आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जात नाहीत. केळी नाहीतर शहाळी, दुसरं काही सुचत नाही कुणाला. ती एसटीनं आली, पिशवीत तीन शहाळी, वजनानं एक खांदा पडलेला.

"वन्सं, लेकराचे व्हट बगा की कसे वाळलेत! काय तरी थंड द्या तिला."

"तिला चालत न्हाय ते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"शहाळं न चालणारं दुखणं असतंय व्हय कुटं? आमच्याकडं मरायला टेकलेल्याला बी शहाळंच देत्यात."

"तुमच्याकडं मरत्यात मग," मी म्हटलं. तिला राग आला, पण ती हसली. मी शहाळी शेगडीखालच्या कोपऱ्यात सरकवली, माझ्या लेकाच्या पोरांना देईन म्हटलं, आणि दळण आणायला गिरणीत गेले. लाइट गेली होती, गिरणी थांबलेली. वाट बघत बसले.

परत आले तर दोन शहाळी फोडलेली. भावजय कोयता धूत होती.

"किती बरं वाटलं बगा तिला! गटागटा प्याली. बोलायला लागली माझ्यासंगं. उगं बाई तुमी लेकराला तहानलेलं ठेवता."

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ ओले होते. तिनं ते पुसले नव्हते.

तासाभरात तिचे हातपाय गळाले. जीभ जड झाली. छातीत मासा उडतोय म्हणाली. मुलाला फोन केला, तो कारखान्यातून मोटारसायकलवर आला, रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी पट्ट्या लावून हृदयाचा कागद काढला, इंजेक्शनं दिली आणि लगेच मशीनवर घेतलं. वाचली. बाहेर बाकावर मुलगा मामीला वाट्टेल ते बोलला. ती पदर तोंडात धरून रडत होती. तिचा काय दोष? तिनं जे लहानपणापासून केलं तेच केलं.

शुद्धीवर आल्यावर मुलगी पहिलं हेच बोलली, "मामीला बोलू नका. मी मागितलं."

मुलगा गेल्यावर मी तिला विचारलं, "मरायला प्यालीस?"

"नाही. प्यायचं होतं म्हणून प्यायले." मग म्हणाली, "आई, काय बरं वाटलं गं. एवढं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. पहिलं संपलं तेव्हा मी म्हटलं, आता पुरे. मग दुसरं मागितलं."

मी रागावले नाही. रागावण्यासारखं त्यात काय होतं ते मला सापडलं नाही.

घरी आल्यावर दोन दिवसांनी म्हणाली, "माझ्या पायाला वास येतोय. मोजा काढ आणि बघ."

काढला. बघितलं. मोजा परत चढवायला लागले.

"आई. चित्रासारखं. काय आहे तेवढंच सांग."

मग मी सांगितलं. "डावा पाय. घोट्यापर्यंत सूज हाय, बोट दाबलं की खड्डा राहतोय. अंगठा काळा. पुढच्या निम्म्या भागात काळा आन मागं जांभळा. नखाखालनं पाणी येतंय. शेजारच्या बोटालाबी काळं लागलंय."

"वर रेघ आहे का लाल?"

"हाय. घोट्याकडं चाललीय."

"दुखत नाही बघ अजिबात," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, बोटं काढावी लागतील, कदाचित पाऊल, कदाचित गुडघ्याखाली. त्या दिवशी तिनं डॉक्टरांना माझ्यासमोर सांगितलं की ती पाय कापून घेणार नाही आणि डायलिसिसही थांबवणार आहे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खुर्ची ओढली, बसले. मन खचलं आहे का, झोप लागते का, घरी कुणी काही बोललं का, असं फिरवून फिरवून विचारलं. परत एकदा बोलावलं, पुन्हा तेच विचारलं. ती तेच उत्तर देत राहिली. मग ते म्हणाले, हा तुमचा हक्क आहे, पण घरच्यांशी बोला. थांबलात तर फार दिवस मिळणार नाहीत, त्रास कमी व्हायला औषध मी देईन.

घरी आल्यावर तिनं मला खाटेवर बसवलं.

"खेळ संपलेला नाही," ती म्हणाली. "म्हणजे ठरल्याप्रमाणं अजून तुझा हुकूम चालतो. तू जा म्हणालीस तर मी जाईन. खरंच जाईन, पायही कापून घेईन. पण माझं विचारशील तर मला आता नको. तू मला मोकळं कर."

मी म्हटलं, मला विचार करू दे. एवढं तरी तिनं मला द्यायला हवं होतं आणि तिनं दिलं.

मुलगा रोज कारखान्यातून सुटला की यायचा. आधी तो तिच्यावर ओरडला, मग रडला, मग टॅब घेऊन तिच्याजवळ बसला. "ताई, खेळ तर पुरा कर. आईला दिसत नसेल नीट. मी सांगतो." पुढचं चित्र उघडलं. "हां, मस्त चित्र आहे बघ. छान रंग आहेत. एकदम भारी."

"काय आहे त्यात?"

"फुलं आहेत, ताई. छान फुलं."

मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. फुलं कुठं नव्हती. तारांचा गुंता होता आणि गुंत्यात एक हातमोजा अडकलेला.

"ह्याला बाहेर पाठव, आई," ती म्हणाली.

बाहेर ओट्यावर त्यानं माझा दंड धरला. "तू सांग तिला. तुझं ऐकते ती."

"ऐकती म्हणूनच सांगत न्हाय."

"म्हणजे? मरू देणार?"

"मी देणार न घेणार कोण?"

"तू आई हायस का कोण हायस?" तो ओरडला. शेजारची दारं उघडली. "परक्या बाईनं बी सांगितलं असतं तिला, जा म्हणून. तुला एक शब्द जड झालाय!"

शब्द जड नव्हता, फार हलका होता. जा म्हटलं की ती जाणार होती. कांड्या भरताना मला कळायचं, सूत किती ताणलं की तुटतं. पण हे सूत तुटलं नसतं, ओढाल तेवढं आलं असतं. तेच मला नको होतं.

त्यानंतरच्या डायलिसिसच्या दिवशी सकाळी रिक्षा आली. मी दारात जाऊन रिक्षावाल्याला म्हटलं, "आजपासून यायचं न्हाय."

"बरी झाली ताई?"

"न्हाय," मी म्हटलं. त्यानं गाडी वळवली.

आत आले तर ती उठून बसली होती. रिक्षा लांब जाईपर्यंत कान देऊन बसली. मग म्हणाली, "पाणी दे." मी तांब्या भरून दिला. ती तो सगळा प्यायली, पाणी हनुवटीवरून गळ्यावर सांडलं, तिनं पुसलं नाही. दुसरा मागितला. तोही दिला.

थोडेच दिवस होते. पाणी अंगात चढत गेलं, तोंड सुजलं. अंगाला खाज सुटली, मी गोणपाटाच्या फडक्यानं खाजवून द्यायची. श्वास लागला की डॉक्टरांनी दिलेलं औषध जिभेखाली घालायचं. झोप वाढली. जागी असली की म्हणायची, उघड, काय दिसतंय सांग. आम्ही पुढच्या दालनात गेलो होतो. तिथं जमिनीवर लोखंडी पाइपांचा ढीग होता.

"पाइप हायती. वाकडे. एकावर एक."

"किती?"

मी मोजायला लागले. काही पाइप दुसऱ्यांच्या मागं होते, एक का दोन ते कळत नव्हतं, म्हणून परत मोजले. सांगायला मान वर केली तर तिला झोप लागली होती. मी थांबले. ती उठली तेव्हा तिनं पाइपांचं विचारलं नाही, माझंही विचारलं नाही, कुठं आहोत तेच तिला कळत नव्हतं. त्यानंतर टॅब उघडला नाही. ती दुपारी गेली, मी पेज गाळत होते तेव्हा. आत आले तर श्वास नव्हता. तिचा हात धरून बघितला, अजून ऊन होता. मुलाला फोन केला.

त्यानं सगळं केलं, अंत्यविधी, दहावं, तेरावं. वैरागची भावजय आली, कोपऱ्यात बसून राहिली, रिकाम्या हातानं आली होती. गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. बघू देत.

मुलगा आजही येतो. किराणा टाकतो, गॅसची टाकी लावून देतो, माझ्या गोळ्या आणतो. बोलत नाही. एकदाच बोलला. मी त्याला सांगितलं की मी जा म्हटलं असतं तर ती गेली असती, सुया टोचून घेतल्या असत्या, पाय कापून घेतला असता, सगळं माझ्यासाठी. तिला स्वतःसाठी त्यातलं काही नको होतं.

तो म्हणाला, "मग तुझ्यासाठी तर जगली असती की."

हे खरं आहे. माझं बोलणंही खरं आहे. तो पिशवी ठेवतो आणि जातो.